दाजींचे ५५ किलोमीटर आणि प्लग-इन हायब्रीडचं गणित

दाजींनी दिवाळीच्या फराळावरच विषय काढला. मोबाईलवर कुठल्याशा परदेशी गाडीचा व्हिडिओ लावलेला, आणि त्यातला माणूस सांगत होता की ही छोटी प्लग-इन हायब्रीड एसयूव्ही लिटरला ९० किलोमीटर जाते. "पाहा," दाजी म्हणाले, "अन् आपली १२ देऊ राहिली. अशी इकडं आली तर घ्यायची का नाही, तेवढं सांगा. तुम्ही इलेक्ट्रिकलवाले."

इलेक्ट्रिकलवाला म्हणजे मी जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये मोटारी आणि पॅनेल सांभाळतो. गाड्यांचा जाणकार नाही. पण मोटार, बॅटरी आणि लाईट बिल या तिन्हींशी रोजची गाठ. हिशोब मांडायला बसलो तेव्हा माझं मत ठरलेलं होतं, की आपल्या भागासाठी हीच गाडी बरोबर: रोज विजेवर चालवा, लांब जायचं तर पेट्रोल आहेच. हिशोब संपेपर्यंत ते मत बरंच हललं.

आधी शब्दाचा गोंधळ मिटवू. हायब्रीड म्हटलं की आमच्या जालन्यात पहिल्यांदा बियाण्याची पिशवीच आठवते. गाड्यांत हायब्रीड म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटार एकाच बॉनेटखाली. त्यात तीन जाती. माइल्ड हायब्रीडमध्ये मोटार नुसती हातभार लावते, गाडी एकटीनं ओढत नाही. ती इथंच सोडून देऊ. खरा सामना उरलेल्या दोघींत आहे, स्ट्राँग हायब्रीड आणि प्लग-इन हायब्रीड.

फरक समजायला आपल्या पाण्याचं उदाहरण पुरे. एक घर असं, की सगळं पाणी टँकरचं, पण बाई काटकसरी. भाजी धुतलेलं पाणी बादलीत धरायचं, तेच झाडांना घालायचं. ही स्ट्राँग हायब्रीड. तिची सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते. फक्त ब्रेक मारताना जी वाया गेली असती ती छोट्या बॅटरीत धरून पुन्हा वापरते. मारुतीच्या ग्रँड व्हिटारात आणि टोयोटाच्या हायरायडरमध्ये ही बादली अवघी ०.७६ युनिटची आहे. दुसऱ्या घरात तीच काटकसर, वर गच्चीवर मोठी टाकी, आणि टाकीला नगरपालिकेचा नळ. नळ आला की टाकी भरायची, ती संपली की टँकर. ही प्लग-इन. ह्युंदाई टूसाँच्या प्लग-इन अवतारात ही टाकी १३.८ युनिटची आहे, म्हणजे त्या बादलीच्या १८ पट. अमेरिकेच्या सरकारी चाचणीत ती भरलेल्या टाकीवर ५३ किलोमीटर जाते. टोयोटाच्या राव-४ प्राइमची टाकी १८.१ युनिटची, पल्ला ६८ किलोमीटर. या वर्गातल्या बहुतेक गाड्या याच्याच आसपास.

मग ते ९० कुठून आलं? युरोपातल्या चाचणीत गाडी आधी भरल्या बॅटरीवर चालवतात, मग रिकाम्या बॅटरीवर, आणि दोन्ही आकडे एकत्र करताना एक गोष्ट धरून चालतात: मालक इमानदारीनं वरचेवर प्लग लावतो आणि त्याचं बरंचसं फिरणं विजेवरच होतं. विजेवरच्या किलोमीटरला पेट्रोल शून्य, त्यामुळे सरासरी फुगून ९० वर जाते. आकडा खोटा नाही, पण तो गाडीचा कमी आणि एका कल्पनेतल्या मालकाचा जास्त आहे.

खरे मालक कसे वागतात तेही मोजून झालंय. तिकडच्या नव्या गाड्या आपण किती इंधन जाळलं याची नोंद स्वतःच ठेवतात. त्या नोंदी गोळा करून युरोपियन कमिशननं मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचा धूर चाचणीपेक्षा २० टक्क्यांच्या आसपास जास्त निघाला. प्लग-इन हायब्रीडचा सरासरी साडेतीन पट.

साडेतीन पट का, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. माझा भाचा जर्मनीत स्टुटगार्टला असतो. त्याच्याकडं कंपनीनं दिलेली अशीच एक प्लग-इन होती. मी गेलो तेव्हा विमानतळावर बॅग ठेवायला त्यानं डिकी उघडली, तर तळाच्या खणात चार्जिंगची केबल. कारखान्यातून आली तशी, वेटोळं घातलेली, वर प्लास्टिकची पट्टी न तोडलेली. गाडी दीड वर्ष वापरात. मी विचारलं, तर म्हणाला, "मामा, पेट्रोल कंपनीच्या कार्डावर, लाईट माझ्या घरच्या बिलावर. कोण लावणार?" कंपनीला ती गाडी करात स्वस्त पडते म्हणून घेतलेली. नळ दारात, टाकी गच्चीवर, आणि घर चालतंय टँकरवर. वरून रिकामी टाकी वागवायची ती वेगळीच, कारण प्लग-इन गाडी तिच्या साध्या बहिणीपेक्षा दोनेकशे किलोनं तरी जड असते.

आता दाजींकडं येऊ. ते अंबडला राहतात, शिकवायला जालन्याला येतात. घर ते कॉलेज, जाऊन-येऊन ५५ किलोमीटर, महिन्याचे २४ दिवस. म्हणजे १,३२० किलोमीटर. त्याशिवाय आईचा दवाखाना संभाजीनगरला, अधूनमधून तुळजापूर, लग्नसराई, असे ६०० धरू.

गाडी १४ युनिटांत ५० किलोमीटर जाईल असं मानू. बॅटरी पूर्ण १४ ची नाही, पण भिंतीतून निघालेली वीज सगळी बॅटरीत पोचत नाही, थोडी चार्जरच्या उष्णतेत जाते. बिल भिंतीजवळचं येतं, म्हणून हिशोबही तिथूनच. युनिटचा दर काय धरायचा? इथं लोक फसतात. बिलावरचा पहिला, स्वस्त स्लॅब बघतात आणि खूश होतात. दाजींचं घर महिन्याला १२० युनिट खातं. गाडीचे रोजचे १४ म्हणजे २४ दिवसांचे ३३६. बेरीज ४५६. महावितरणचे स्लॅब १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत असे चढत जातात, तेव्हा गाडीचं एकही युनिट पहिल्या स्लॅबात बसत नाही. ती सगळी वरच्या महाग पायऱ्यांवर जातात. वहन आकार, वीज शुल्क सगळं घालून मी १४ रुपये धरले. ५० किलोमीटरला १९६ रुपये, म्हणजे किलोमीटरला ३ रुपये ९२ पैसे.

पेट्रोल १०५ रुपये धरलं. (परभणीकरांनी आकडा आणखी वर सरकवावा. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोपासून टँकर जितका लांब, तितका भाव चढा, हे त्यांना सांगायला नको.) दाजींची आताची गाडी लिटरला १२ देते, किलोमीटरला ८ रुपये ७५ पैसे. स्ट्राँग हायब्रीडचा कागदावरचा आकडा २७.९७ आहे, पण मी रस्त्यावरचे २० धरले, म्हणजे ५ रुपये २५ पैसे. आणि प्लग-इनची बॅटरी संपल्यावर? तेच ओझं ओढत ती १५ देईल. अमेरिकी चाचणीत टूसाँचा आकडा साधारण तेवढाच आहे. म्हणजे ७ रुपये.

व्हिडिओवाला ही चौथी रक्कम कधी सांगत नाही. बॅटरी रिकामी झाली की प्लग-इन ही स्ट्राँग हायब्रीडपेक्षा महाग पडणारी गाडी आहे.

महिन्याला दाजींचे १,२०० किलोमीटर विजेवर जातील, उरलेले ७२० पेट्रोलवर. आताच्या गाडीशी तुलना केली तर विजेच्या किलोमीटरवर ५,७९६ आणि पेट्रोलच्या किलोमीटरवर १,२६० रुपये वाचतात. महिना ७,०५६. प्लग-इन ५ लाखांनी महाग मिळाली असं मानलं, तर सहा वर्षांत ते पैसे वसूल. इथपर्यंत मी खूश होतो, दाजीही.

मग स्ट्राँग हायब्रीड शेजारी ठेवून पाहिली. विजेवरच्या १,२०० किलोमीटरवर प्लग-इन तिच्यापेक्षा १,५९६ रुपये वाचवते, आणि उरलेल्या ७२० वर १,२६० रुपये घालवते. हातात उरतात महिन्याला ३३६ रुपये. ५ लाख भागिले ३३६. मी कॅल्क्युलेटर दोनदा दाबला. १२४ वर्षं.

"म्हणजे नातवाच्या नातवाला फायदा," दाजी म्हणाले आणि चिवड्याची ताटली पुढं सरकवली.

हा आकडा प्रत्येकाचा वेगळा येईल, आणि तेच मला सांगायचंय. गच्चीवर सोलर असेल तर चित्र पार पालटतं. पॅनेलचा खर्च वर्षांवर पसरून युनिट ३ रुपयांना पडलं असं धरा, तर विजेचा किलोमीटर ८४ पैशांचा होतो आणि स्ट्राँग हायब्रीडवरची बचत महिन्याला ४,०३२ वर जाते. साडेदहा वर्षांच्या आतच ५ लाख निघतात. पण पीएम सूर्यघर योजनेत लोक बसवतात ते ३ किलोवॅटचं पॅनेल दिवसाला साधारण १२ युनिट देतं, आणि गाडीच १४ पिते. पॅनेल घर आणि गाडी दोन्ही धरूनच बसवावं लागेल. दुसरी वाट कॉलेजच्या पार्किंगमधल्या प्लगची. दिवसा तिथं थोडी भरली तर शेवटचे ५ किलोमीटरही विजेवर होतात. उलट ज्याचं रोजचं जाणं-येणं १२० किलोमीटर आहे, किंवा जो फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि गाडी रस्त्यावर लावतो, त्यानं प्लग-इनचा विचार आजच सोडावा.

त्या शेवटच्या ५ किलोमीटरबद्दल थोडं. पल्ला ५०, रस्ता ५५, म्हणजे रोज संध्याकाळी अंबडची वेस दिसायला लागली की इंजिन थंडगार अवस्थेत चालू होणार आणि नीट तापायच्या आत घरी बंद होणार. इंजिनाला हे मानवत नाही. म्हणून अशा गाड्यांत बॅटरी राखून ठेवायचं एक बटण असतं. शहाणा मालक जालन्याच्या बाहेर मोकळ्या रस्त्याला लागला की ते दाबून दहाएक किलोमीटर इंजिनावर काढतो, आणि गर्दीतली, रेल्वे फाटकापाशी थांबायची गाडी विजेवर ठेवतो. मोटार थांबत-थांबत चालण्यात पक्की, इंजिन एकसुरात पळण्यात. दुसरं एक बटण चालता चालता इंजिनानं बॅटरी भरायचं. त्याला हात लावू नये. टँकरचं पाणी आधी गच्चीवर चढवून मग नळानं खाली आणण्यातला तो प्रकार आहे.

आता माझ्या प्रांतातली गोष्ट, भिंतीवरचा प्लग.

दाजींच्या पोर्चमध्ये १५ अँपिअरचं एक जुनं सॉकेट आहे, पूर्वी गिझरसाठी काढलेलं. वर्षभरापूर्वी इथं राहणाऱ्या दुसऱ्या भाच्यानं त्यावर इलेक्ट्रिक स्कूटर लावायला सुरुवात केली. मी ते उघडलं तेव्हा आतली एक बाजू तपकिरी झालेली, प्लास्टिकला बुडबुडे, आणि फेजचा स्क्रू बोटानं फिरत होता. गिझर १५ मिनिटं चालतो. सॉकेट गरम व्हायच्या आत बंद. प्लग-इन गाडी १० अँपिअरवर १४ युनिट घ्यायला ६ तास लावते. ढिला स्क्रू ६ तास सलग तापला की काय होतं ते आम्ही मिलमध्ये दर उन्हाळ्यात बघतो. गाडीसाठी मीटरपासून वेगळी, जाड वायर ओढायची, स्वतःचा एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) टाकायचा, चांगलं औद्योगिक सॉकेट बसवायचं. आणि बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो तो वाचायचा. तो १ किलोवॅट असेल तर आधी वाढवून घ्यायचा.

त्याहून अडचणीची गोष्ट अर्थिंग. चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि पसंत पडलं नाही तर लाल दिवा लावून बसतो. गाडी भरतच नाही. दाजींच्या घरी टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थिंगमध्ये धरला, तर १०० वॉटचा दिवा देवघरातल्या निरांजनासारखा. (हे घरी स्वतः करू नका, वायरमनला बोलवा.) मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा पार कोरडा. मीठ-कोळशाचा तो खड्डा ओला राहिला तरच काम करतो, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये अंगणच काय, बोअरही कोरडं. ताईचं म्हणणं, आठ दिवसांनी नळ येतो, त्यातलं पाणी जमिनीत ओतायचं का? शेवटी न्हाणीचं सांडपाणी पाइपनं त्या खड्ड्याकडं वळवलं. पुढच्या आठवड्यात दिवा भक्क पेटला.

लाईन जाण्याचं मात्र प्लग-इनला फार भय नाही. डीपी जळाली आणि दोन दिवस वीज नाही, तर गाडी पेट्रोलवर चालते. शुद्ध इलेक्ट्रिकवाल्याची झोप उडते तशी इथं उडत नाही, आणि हा फायदा रुपयांत मोजता येत नाही हे मला मान्य आहे. समृद्धीवर किंवा धुळे-सोलापूर हायवेवर चार्जर शोधत फिरायचीही गरज नाही. तसंही यातल्या बऱ्याच गाड्यांना फास्ट चार्जिंग घेताच येत नाही.

बॅटरीच्या वयाबद्दल मला वाटायचं, छोटी बॅटरी, मग काळजीही छोटी. उलटं आहे. दाजींची प्लग-इन वर्षाला २८८ वेळा भरून रिकामी होईल. वर्षाच्या सगळ्या अंतराला, पेट्रोलवरचंही धरून, ३०० किलोमीटर जाणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी ७७ वेळा. लहान बैलानं मोठ्याइतकंच शेत नांगरायचं, तर फेरे वाढणारच. कंपन्या बॅटरीचा वरचा-खालचा थोडा भाग न वापरता राखून ठेवतात, त्यानं आयुष्य वाढतं. पण लिथियमचा खरा वैरी ऊन. परभणी-नांदेडकडं मेमध्ये पारा ४३ च्या वर जातो, पत्र्याखाली लावलेली गाडी त्याहून तापते. म्हणून शोरूममध्ये सनरूफच्या आधी विचारायचं: बॅटरी हवेनं थंड होते का पाण्याच्या जाकिटानं? हवेनं असेल तर मी आपल्या भागात घेणार नाही. वॉरंटी ८ वर्षांची सांगतील. त्यात बॅटरीची किती टक्के क्षमता उरण्याची हमी आहे, ते लेखी घ्या.

डिकीही उघडून बघा. बॅटरीला जागा करायला बऱ्याचदा स्टेपनी काढून टाकलेली असते आणि तिथं पंक्चरच्या फेसाची बाटली ठेवलेली. घनसावंगीच्या रस्त्यावर रात्री नऊला टायर कडेनं फाटला तर फेसाचं काय करायचं?

चाचणीला गाडी मागताना एक करा. शोरूमवाला नेहमी फुल चार्ज गाडी देतो. ती चोरपावलांनी सुटते, आवाज नाही, पिकअप झकास, आणि तुम्ही तिथंच विकत घेता. त्याला सांगायचं, बॅटरी रिकामी करून दे. मग हायवेला घेऊन जायची आणि उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर गाठायचा. त्याला ओव्हरटेक करताना इंजिन किती बोंबलतं, गाडी किती वेळ घेते, ते बघायचं. तुमच्या तुळजापूरच्या प्रवासातली गाडी ती आहे, शोरूमच्या गल्लीतली नव्हे.

ही सगळी चर्चा आज थोडी आगाऊच आहे. आपल्याकडं आलेल्या प्लग-इन म्हणजे व्होल्वो एक्ससी९०, बीएमडब्ल्यू एक्सएम असल्या. दाजींच्या पगाराशी त्यांचा संबंध नाही. कारण बरंचसं कराचं. सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीत इलेक्ट्रिक गाडीला ५ टक्के आणि चार मीटरपेक्षा लांब हायब्रीडला ४० टक्के. प्लग लावता येतो म्हणून सवलत नाही. कायद्याच्या लेखी ती हायब्रीडच. म्हणून माझे ५ लाख हा उदार अंदाज समजा. रोजचं अंतर ठरलेलं आणि घरी दुसरी गाडी असेल, तर सरळ इलेक्ट्रिक घेणं यापेक्षा स्वस्त पडतं, असं माझं मत आहे.

दाजींना मी गाडीऐवजी २०० पानी वही दिली. महिनाभर रोज लिहायचं: किती किलोमीटर, गाडी रात्री कुठं उभी, लाईन किती तास नव्हती. परवा ती वही पाहिली. ५५ चा आकडा सहाच दिवस निघाला. बाकी दिवशी ताईला शाळेत सोडणं, मोंढ्यात चक्कर, कुणाचं तेराव्याचं जेवण, असं करत ६४, ७१, एकदा १०३. आणि चार पानांवर दाजींच्या ठसठशीत अक्षरात एवढंच: "आज लालपरीनं गेलो. ० कि.मी."